दुसरी नाव

हायो : मी एवढंच विचारतोय बाबा, की तुम्ही त्या नावेला दिशेचा जो अंश सांगितलात, तो कुठल्या होकायंत्राचा होता?

एलर्ट : आणि मी एवढंच सांगतोय, की या कॉलरचं मागचं बटण माझ्या बोटांना सापडत नाहीये. तू लाव. अकराला पाद्रीसाहेब त्या इंग्रज बाईंना घेऊन येतील आणि मी असा उघड्या गळ्याने दारात उभा असेन.

हायो : गळा उघडाच बरा. युद्धात मिळालेला तो गळ्यात बांधायचा क्रॉस तरी शोभून दिसेल.

एलर्ट : क्रॉस लावणार नाहीये. पाहुणी कुठून येतेय, एवढं मला कळतं.

हायो : तुमच्या खलाशांची एक थट्टा होती ना? कमांडरला क्रॉसची आस लागली की म्हणायचे, म्हाताऱ्याचा घसा दुखतोय.

एलर्ट : सगळ्याच पाणबुड्यांवर म्हणत. म्हातारा म्हणे! तिशीसुद्धा गाठली नव्हती मी. आणि माझा घसा कधी दुखला नाही.

हायो : कसा दुखेल? तुम्ही सभ्य कमांडर. जहाज बुडवून झाल्यावर वर येणारे, नावेतल्या लोकांना पाव देणारे, रमची बाटली देणारे, जमीन कुठल्या दिशेला आहे ते सांगणारे. दर नाताळात बदकाच्या रश्श्याबरोबर ही गोष्ट वाढली जायची. शाळेत गुरुजींनी मला फळ्याजवळ उभं करून ती सांगायला लावली होती.

एलर्ट : मी नव्हतं सांगितलं त्यांना.

हायो : थांबवलंही नव्हतं. मान खाली करा जरा. हां, लागलं बटण. आता सांगा.

एलर्ट : काय सांगू?

हायो : आपल्या घरात त्या गोष्टीचा शेवट ठरलेला होता. दोन्ही नावा किनाऱ्याला लागल्या. मग वसंतात पाद्रीसाहेब चर्चच्या मंडळींबरोबर इंग्लंडला गेले, तिथे त्यांना आज येणाऱ्या या मिस हेस्लॉप भेटल्या आणि कळलं, की एकच नाव वाचली. तीसुद्धा किनाऱ्याला लागून नाही. दुसऱ्या सकाळी एका जहाजाने तिला उचललं. दुसरी नाव कुठेच पोचली नाही. त्या नावेत मिस हेस्लॉपचा भाऊ होता. पाद्रीसाहेब म्हणाले, समुद्राची इच्छा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

एलर्ट : पाद्रीसाहेबांचं काही चुकलं नाही.

हायो : पण मी नौकानयनाच्या शाळेत आहे, बाबा. परीक्षा तोंडावर आली आहे. म्हटलं, सराव म्हणून वडिलांचीच गोष्ट नकाशावर मांडावी. जागा पाठ होती, तुम्ही सांगितलेला अंश तर पाळण्यापासून पाठ होता. पट्टी ठेवली, रेषा ओढली. खऱ्या उत्तरेपासून मोजलं, की रेषा थेट आयर्लंडच्या कुशीत शिरते. इतकी सुरेख रेषा, की मला तुमचा अभिमान वाटला. एकदा, शेवटचा.

एलर्ट : नाटकी बोलू नकोस.

हायो : मग साधं बोलतो. नावेत असतं चुंबकाचं साधं होकायंत्र. त्या पाण्यात चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेवर उभी राहत नाही, पश्चिमेला ढळते. थोडीथोडकी नाही. त्या सुईवर तुमचाच आकडा धरून नाव हाकली, तर आयर्लंड उजव्या हाताला राहून जातं. मग स्कॉटलंडची शेवटची बेटंही उजव्या हाताला राहतात. त्यापुढे नकाशावर काही छापलेलं नाही. नुसता निळा कागद.

एलर्ट : शाळा चांगली शिकवते.

हायो : पहिल्याच सत्रात शिकवते! म्हणूनच मी मनाला समजावलं, की तुम्ही रूपांतर करूनच सांगितलं असणार. गोष्टीत आकडा खरा राहिला आणि नावेला होकायंत्राचा दिला, असं झालं असेल. तुम्ही फक्त म्हणा, ‘केलं होतं’. मी जिना उतरेन, आईला समारंभाच्या हॉलमध्ये केक मांडायला मदत करीन आणि फोटोत तुमच्या मागे उभा राहीन.

एलर्ट : पाणबुडी पोलादाची असते, हायो. तिच्या पोटात चुंबकाच्या सुईला वेड लागतं. आम्ही सगळं गायरोवर चालवत असू. तो भोवऱ्यासारखा फिरत राहतो आणि खरी उत्तर दाखवतो. आठवडेच्या आठवडे तीच एक उत्तर. आकडा उच्चारला, की तो खराच. आपल्या भिंतीपलीकडे दुसरी कोणती उत्तर आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात दुसरी सुई थरथरते आहे, हे माणूस विसरतो. पाण्याखाली राहण्याचा आजार म्हणायचा तो.

हायो : म्हणजे नव्हतं केलं.

एलर्ट : नव्हतं केलं.

हायो : कधी कळलं?

एलर्ट : नंतर.

हायो : नंतर म्हणजे युद्ध संपल्यावर?

एलर्ट : माझा तो काळा कोट कुठे टांगलाय तुझ्या आईने?

हायो : तुमच्या पाठीमागे. युद्ध संपल्यावर, बाबा?

एलर्ट : त्या नावांनंतर आणखी दोनदा मी बुडालेल्या लोकांजवळ गेलो. पाव दिला. पाणी दिलं. एकाने विचारलं, जमीन कुठे? मी हाताने पूर्व दाखवली. आकडा नाही सांगितला. माझा दुय्यम अधिकारी म्हणाला, साहेब, यांना नेमकी दिशा देऊ या, आपण नेहमी देतो. मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा समजला, म्हाताऱ्याच्या नसा आता दमल्या. पुढे वरून हुकूम आला, की वाचलेल्यांना कसलीही मदत करायची नाही, थांबायचं नाही, बोलायचं नाही. मी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना वाटलं, सभ्य माणसाला आता दुःख होणार. आणि मला, हायो, सुटल्यासारखं झालं. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखं.

हायो : म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.

एलर्ट : मग त्यांनी मला किनाऱ्यावर आणलं, बाल्टिक समुद्राकाठच्या पाणबुडीच्या शाळेत. नव्या कमांडरांना शिकवायला. दाढीही धड न फुटलेली पोरं. दर आठवड्याला मी त्यांच्याकडून दोन उत्तर दिशांमधला फरक घोटून घेत असे. मागच्या बाकावरून हसायची. म्हणायची, साहेब, आता आपण कुणाला रस्ता सांगणार आहोत? ती बहुतेक सगळी गेली. हसणारी आधी गेली, असं मला उगाच वाटतं.

हायो : आणि एवढं सगळं घेऊन तुम्ही आज धक्क्यावर त्या बाईंच्या शेजारी उभे राहणार. एकच पुष्पचक्र, चार हात. वर्तमानपत्राचा फोटोवाला. बँड.

एलर्ट : बँड नको म्हटलं होतं मी.

हायो : ‘बँड नको म्हटलं होतं’! बाबा, त्या बाई तुमचे आभार मानायला समुद्र ओलांडून आल्या आहेत.

एलर्ट : म्हणूनच. तिच्यापाशी काय उरलंय? भाऊ नाही, थडगं नाही. शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी त्याच्याशी माणसासारखं वागलं, एवढंच. ते मी काढून घेऊ? माझं ओझं हलकं करायला?

हायो : ते तिच्यासाठी ठेवताय, की शहरासाठी? धक्क्यावर तुमचे जुने खलाशी उभे आहेत, टोप्या घासूनपुसून. आई हॉलमध्ये ताटल्या मोजतेय. हे सगळं त्या एका आकड्यावर उभं आहे.

एलर्ट : आवाज कमी कर.

हायो : तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन.

एलर्ट : तू काहीही सांगणार नाहीस. या घरात अजून मी...

(दारावर थाप पडते.)

हायो : काय अजून तुम्ही? म्हणा.

एलर्ट : दार उघड.

मिस हेस्लॉप : क्षमा करा, मी लवकर आले. पाद्रीसाहेब मला चर्चचा प्रत्येक दगड दाखवत होते. त्यांना म्हटलं, जरा हवा खाते, आणि निघाले सटकून. तुम्ही मिस्टर हारिंगा. आणि हा?

हायो : मी हायो. मुलगा. या, बसा. तुम्ही आमची भाषा छान बोलता.

मिस हेस्लॉप : युद्धानंतर तीन हिवाळे हॅम्बर्गमध्ये होते, आमच्या सैनिकांच्या खाणावळीत. बटाटे सोलता सोलता शिकले. म्हणून मला शिव्या जास्त येतात आणि व्याकरण कमी.

एलर्ट : हायो, चहा.

हायो : झालेलाच आहे. खडीसाखर आधी, वर साय. आणि बाई, ढवळू नका हं. आमच्याकडे वाईट दिसतं ते.

मिस हेस्लॉप : इंग्रज बाईला चहा द्यायचा आणि ढवळू द्यायचा नाही! बघा, युद्ध संपलेलं नाहीये. नका उभे राहू असे, मिस्टर हारिंगा. मी एकटी आले कारण जे बोलायचंय ते मला बँडसमोर बोलायचं नव्हतं.

एलर्ट : मलाही, मिस हेस्लॉप.

मिस हेस्लॉप : आधी मी बोलते, नाहीतर धीर जाईल. केन आमच्यातला धाकटा. समुद्र त्याला अजिबात आवडायचा नाही. बदकांनासुद्धा घाबरायचा. पण रेडिओचं वेड. गल्लीतला प्रत्येक बिघडलेला रेडिओ आमच्या स्वयंपाकघरात. म्हणून जहाजावर बिनतारी यंत्रावर लागला. त्या पहिल्या नावेतली माणसं परत आली ना, त्यांतला एकजण आमच्याकडे आला होता. त्याने सगळं सांगितलं. पाणबुडी कशी वर आली, सगळ्यांना वाटलं आता बंदुका चालणार, आणि वर उभा असलेला माणूस चांगल्या इंग्रजीत म्हणाला, झाल्या प्रकाराचं मला वाईट वाटतं. मग पाव दिलात तुम्ही. काळा पाव! त्यांना वाटलं सडलाय. रात्रभर कुणी खाईना.

हायो : आमचा पाव दिसतोच तसा.

मिस हेस्लॉप : आईने ते ऐकलं. रडली नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं. नाव तरी कुठे माहीत होतं? ‘आणि तो जर्मन.’ राजाच्या लगेच नंतर, माझ्या वडिलांच्या आधी. वडील चिडायचे. बॉम्ब पडत होते आमच्या गल्लीवर, तळघरात बसून म्हणायची, आणि तो जर्मन. गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या वतीने मला तुमचा हात हातात घ्यायचा होता. एवढंच. झालं माझं.

एलर्ट : हात नका देऊ अजून.

मिस हेस्लॉप : का बरं?

एलर्ट : त्या नावांपैकी पहिलीत जहाजाचे अधिकारी होते. दुसरीत एकही अधिकारी नव्हता. मी दोन्हींना आयर्लंडची दिशा ओरडून सांगितली. अंशांत. पहिल्या नावेतल्या अधिकाऱ्यांना त्या आकड्याचं काय करायचं ते ठाऊक असणार. आणि वेळ आली नाही, त्यांना जहाज भेटलं. दुसऱ्या नावेत एक पोरगा उभा राहिला. नाव हेलकावे खात होती, तो दोन्ही हातांनी चष्मा धरून होता. त्याने विचारलं...

मिस हेस्लॉप : केनला चष्मा होता.

एलर्ट : त्याने विचारलं, ‘आमच्या होकायंत्रावरचाच अंश ना, साहेब?’

मिस हेस्लॉप : ‘साहेब’ म्हणाला?

एलर्ट : हो.

मिस हेस्लॉप : सगळ्यांना म्हणायचा. पोस्टमनलासुद्धा.

एलर्ट : मी म्हटलं, हो. आणि ते खोटं होतं. मुद्दाम नव्हे. माझा आकडा माझ्या यंत्राचा होता. त्याच्या सुईवर तो वेगळीकडे नेतो. आयर्लंडच्या वर. स्कॉटलंडच्याही वर. जिथे काही नाही तिथे. त्याने नेमका प्रश्न विचारला, मिस हेस्लॉप. नेमका. आणि मी दुर्बीण पुसत ‘हो’ म्हटलं.

मिस हेस्लॉप : थांबा. मला नीट समजू दे. तुम्ही सांगितलं तसे ते गेले. म्हणून नाही पोचले.

हायो : बाई, वारा असतो, प्रवाह असतात. कदाचित...

मिस हेस्लॉप : तू गप्प बस, बाळ. मी यांना विचारतेय.

एलर्ट : म्हणून नाही पोचले.

मिस हेस्लॉप : आणि हे तुम्हाला कधी उमगलं?

एलर्ट : त्याच संध्याकाळी. नावा मागे टाकून अर्धा तास झाला असेल. पहारा बदलताना गायरो आणि बाहेर बसवलेलं चुंबकाचं होकायंत्र ताडून बघायची पद्धत असते. मी सहज वाकून पाहिलं. एक सुई इकडे, एक तिकडे. 

हायो : त्याच संध्याकाळी! बाबा...

मिस हेस्लॉप : मग परत का नाही गेलात?

एलर्ट : मी स्वतःला सांगितलं, तुमची विमानं हल्ल्याला येतील.

मिस हेस्लॉप : आली?

एलर्ट : नाही. आभाळ भरलेलं होतं. उजेड होता अजून. नावा सापडल्या असत्या.

मिस हेस्लॉप : मग त्या वेळी तुम्ही काय करत होतात?

एलर्ट : खानसाम्याने डब्यातल्या स्ट्रॉबेऱ्या फोडल्या होत्या. मोठं जहाज बुडलं की तो फोडायचा. खलाशी गात होते. मला वाडगा भरून दिला. सगळे माझ्याकडे पाहून हसत होते, देवाकडे पाहावं तसे. त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं, ‘मागे फिरवा, माझं चुकलं. पहिल्या वर्षाच्या पोराला जे कळतं ते मी विसरलो.’ वाक्य तोंडाशी आलं होतं. चमच्याबरोबर परत आत गेलं.

मिस हेस्लॉप : खाल्ल्यात?

एलर्ट : खाल्ल्या.

मिस हेस्लॉप : सगळ्या?

एलर्ट : सगळ्या.

हायो : बाबा, तुम्ही हे आईला तरी...

एलर्ट : कुणालाच नाही. तुला काय वाटतं हायो, मी ती गोष्ट नाताळात का सांगत असे? मी नव्हतो सांगत. तुम्ही मागायचात. आणि ती दरवेळी जरा जास्त उजळ होत जायची. मी तिच्या पाठीमागे राहत होतो, मागच्या अंगणात राहावं तसा. मिस हेस्लॉप, जहाज बुडवल्याची लाज आम्हा सगळ्यांची मिळून होती. देशाची, काळाची. ती वाटून घेता येत होती. ही मात्र माझ्या एकट्याची.

मिस हेस्लॉप : ते जहाज कुणी बुडवलं?

एलर्ट : मी.

मिस हेस्लॉप : दुसऱ्या कुणी हुकूम दिला त्या क्षणी?

एलर्ट : नाही. मीच म्हटलं, ‘टॉर्पेडो सोडा’.

मिस हेस्लॉप : मग उगाच वाटून देऊ नका. यंत्राच्या खोलीत होती ती माणसं नावेपर्यंतसुद्धा आली नाहीत. त्यांना ना पाव मिळाला ना आकडा. तुम्हाला चुकलेल्या आकड्याची इतकी लाज वाटते, कारण आकडे बरोबर येणं हा तुमचा धंदा. जहाज बुडवण्यात तुमचं काही चुकलंच नव्हतं. तो नेम बरोबर लागला होता.

एलर्ट : लागला होता.

मिस हेस्लॉप : चहा गार झाला माझा. ढवळते मी आता, वाईट दिसलं तरी चालेल.

हायो : दुसरा आणू?

मिस हेस्लॉप : नको. आईला मी घरी जाऊन काय सांगू, हे मनात आलं बघा. मग आठवलं, की तिला सांगावं लागणार नाही. बरं झालं गेली ते. माझ्या तोंडून असं वाक्य निघेल, असं आज सकाळी वाटलं नव्हतं.

एलर्ट : मी धक्क्यावर येणार नाही. हायो जाऊन सांगेल, वडिलांची तब्येत अचानक बिघडली. तुम्ही एकट्या पुष्पचक्र वाहा. तुम्हाला माझ्या शेजारी उभं राहावं लागू नये.

मिस हेस्लॉप : म्हणजे परत एकदा बुडी मारणार.

एलर्ट : मी तुमचाच विचार करत होतो.

मिस हेस्लॉप : नव्हतात करत. कुणी तुमच्याकडे बघत असलं, की तुम्ही खाली जाता. आता मला सांगितलंत, ठीक. पण मला सांगणं सोपं होतं. मी परकी, संध्याकाळच्या गाडीने जाणार. तो तुमचा मुलगा, त्याला आधीच कळलं होतं. चेहऱ्यावर दिसतंय त्याच्या. येताना मी धक्क्यावर पाहिलं. म्हातारी होत चाललेली माणसं, एकसारख्या टोप्या. तीच ना? गाणारी?

एलर्ट : तीच. उरलेली.

मिस हेस्लॉप : त्यांच्यासमोर तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आज बोला.

एलर्ट : त्यांच्याजवळही तेवढंच आहे, बाई. आपला म्हातारा सभ्य होता, एवढ्यावर ते जगतात. त्यांच्या बायका, नातवंडं...

मिस हेस्लॉप : माझी आईही जगली त्यावर.

हायो : बाबा, अकरा वाजत आले. पाद्रीसाहेब फाटकातून येतायत.

एलर्ट : मला वाक्यं जुळवायला हवीत. कागदावर चार ओळी तरी. अशा वेळी माणसाने...

मिस हेस्लॉप : तेव्हा तोंडाशी आलं होतं तेच म्हणा. लांब नव्हतं ते.

एलर्ट : ‘माझं चुकलं.’

मिस हेस्लॉप : आधी काय म्हटलंत, ‘मागे फिरवा’? ते आता राहू द्या. चला.

हायो : कोट घाला, बाबा. हात इकडे. दुसरा.

एलर्ट : बँड सुरू झाला वाटतं. मिस हेस्लॉप, क्षमा करा. जिना उतरेपर्यंत जरा तुमचा हात...

मिस हेस्लॉप : माझा नको. मुलाचा धरा.